नाझरचे दप्तर : प्रस्तावना

निकाल लागणे आणि पैसे हातात पडणे या दोन गोष्टींच्या मध्ये कोर्टाच्या इमारतीतली एक खोली येते. दारावर ‘नाझर’ अशी पाटी. वकील तिथे जातात ते चलन, पावती किंवा परताव्याचा अर्ज घेऊन, आणि पक्षकार जातात ते वकिलांनी पाठवले म्हणून. कायद्याचे प्राध्यापक सहसा तिकडे फिरकत नाहीत. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत पैशाचा, जप्त मालाचा आणि बेलिफांचा कारभार ज्याच्या टेबलावरून चालतो तो हा नाझर. त्याच्या दप्तराकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे, एवढीच या प्रस्तावनेची मागणी आहे. ती नुकत्याच रुजू झालेल्या कनिष्ठ लिपिकाकडे आहे, दिवाणी वकिलीची पहिली वर्षे काढणाऱ्या तरुणांकडे आहे आणि थोडी आगाऊपणे इतिहासाच्या व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडेही आहे.

विषय दुर्लक्षित राहिला याचे कारण साधे आहे. विधी महाविद्यालयात दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवतात, पण वर्गातला उत्साह हुकूमनाम्याशी संपतो. दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा, भाग परीक्षेपुरता उरतो. वाणिज्य शाखेत हिशेब शिकवतात, पण तो नफा-तोट्याचा. लोकप्रशासनात अर्थसंकल्प शिकवतात, आणि कोर्टासारख्या छोट्या खात्याकडे त्यांचे लक्ष जात नाही. त्यामुळे नाझरचे काम आजवर ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या शेजारी बसूनच शिकले जाते. उच्च न्यायालयाची दिवाणी नियमपुस्तिका हाताशी असते खरी, पण ती नियम सांगते. नियम तसा का आहे हे सांगत नाही.

सुरुवात करायची तर एका प्रश्नापासून करावी : कोर्टात येणारा पैसा कोणाचा? दुसऱ्या बहुतेक सरकारी कार्यालयांत हा प्रश्न फारसा पडत नाही. तिथे जमा होते ते सरकारचे आणि खर्च होते तेही सरकारचेच. कोर्टात मात्र तीन प्रवाह एकाच खिडकीशी येतात. कोर्ट फी आणि दंड सरकारचे. पगार, भत्ते, कार्यालयीन खर्च यांसाठी सरकारने दिलेले अनुदान हा दुसरा प्रवाह. त्याची देयके, कोषागाराच्या फेऱ्या आणि मार्चअखेरची धावपळ बाकी कुठल्याही खात्यासारखीच, म्हणून त्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. तिसरा प्रवाह लोकांचा. प्रतिवादीने भरलेली हुकूमनाम्याची रक्कम, लिलावात बोली जिंकणाऱ्याची अनामत, साक्षीदाराच्या भत्त्यासाठी आगाऊ भरलेले पैसे, जामिनापोटी रोख ठेवलेली रक्कम, विमा कंपनीने जमा केलेली अपघाताची भरपाई. यातला एक रुपयाही कोर्टाचा नाही आणि सरकारचाही नाही. लेखाशीर्षांतही हा भेद पाळलेला दिसतो. न्यायदानाचा खर्च 2014 या शीर्षाखाली पडतो, कोर्ट फीच्या मुद्रांकांचे उत्पन्न 0030 खाली जाते आणि लोकांच्या या रकमा 8443, म्हणजे दिवाणी ठेवी, या शीर्षाखाली राहतात. दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांच्या ठेवींसाठी त्यात वेगवेगळी उपशीर्षे आहेत. नव्या लिपिकाने बाकी काही पाठ केले नाही तरी चालेल, पण हे तीन आकडे पाठ करावेत.

आलेली रोकड परस्पर खर्चाला वापरायची नाही, ती विनाविलंब कोषागारात भरायची, हा कोषागार नियमांचा पाया आहे. बाहेरच्याला हा नियम हट्टी वाटतो. समन्सचे कागद संपले आहेत आणि पेटीत रोकड पडली आहे, तरी त्यातून कागद आणायचे नाहीत, हे काय? पण पेटीतली रोकड कदाचित एखाद्या साक्षीदाराच्या एसटीच्या तिकिटाची असते. ती कागदावर खर्च झाली तर उद्या साक्षीदाराला काय द्यायचे?

आता जरा जवळून पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 73 घ्या. एकाच ऋणकोवर तीन धनकोंचे हुकूमनामे आहेत : पाच लाखांचा, चार लाखांचा आणि तीन लाखांचा. त्यांपैकी एकाने दरखास्त लावून ऋणकोचे दुकान जप्त करवले आणि लिलावाचा खर्च वजा जाता सहा लाख हाती आले. जप्ती ज्याने केली त्यानेच आपले सगळे पैसे उचलावेत असे साध्या माणसाला वाटेल. कायदा तसे म्हणत नाही. बाकीच्या दोघांनीही त्याच न्यायालयात वसुलीचा अर्ज केलेला असेल, तर सहा लाख तिघांत हुकूमनाम्यांच्या प्रमाणात वाटायचे. एकूण मागणी बारा लाखांची आणि हाती सहा, म्हणजे प्रत्येकाला निम्मे : अडीच, दोन आणि दीड लाख. गणित शाळकरी आहे, मेख अर्जाच्या वेळेत आहे. रक्कम न्यायालयाच्या हाती येण्यापूर्वी ज्याने अर्ज केला तोच वाटणीत धरला जातो. तेव्हा तीन लाखांच्या धनकोचा अर्ज आधी आला की पैसे आधी आले, हे ठरते नाझरच्या पावतीवरील आणि रोख वहीतील तारखेवर. अर्ज उशिरा आला असेल तर तो वाटणीबाहेर जातो आणि उरलेल्या दोघांचे हिस्से वाढतात. एका नोंदीने माणसाचे दीड लाख जातात किंवा राहतात.

आदेश 21 चा पहिलाच नियम असाच आहे. ऋणकोने हुकूमनाम्याची रक्कम कोर्टात भरली की त्याने धनकोला नोटीस द्यायची असते, आणि ती नोटीस बजावली गेली त्या दिवसापासून भरलेल्या रकमेवरचे व्याज थांबते. म्हणून भरणा कधी झाला आणि नोटीस कधी पोचली, हे दोन दिवस नोंदवहीत स्पष्ट हवेत. लिलावाचे नियम तर याहून कडक. बोली मान्य झालेल्या खरेदीदाराने किमतीचे 25 टक्के तिथल्या तिथे भरायचे आणि उरलेली रक्कम पंधराव्या दिवशी कोर्ट बंद होण्याच्या आत. ही मुदत वाढवता येत नाही, ती चुकली तर विक्री विक्रीच राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मणिलाल मोहनलाल शाह प्रकरणात 1954 सालीच सांगून ठेवले आहे. पंधराव्या दिवशी संध्याकाळी खिडकीशी धापा टाकत आलेला खरेदीदार आणि घड्याळाकडे पाहणारा रोखपाल हे दृश्य विनोदी वाटेल. लिलावात गेलेल्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला ते तसे वाटत नाही.

कोणतेही पुस्तक न उघडता या क्षेत्राचा स्वभाव समजून घ्यायचा असेल, तर बेलिफाची जप्तीची यादी पाहावी. कलम 60 प्रमाणे ऋणकोच्या घरातले काय उचलायचे नाही हे ठरलेले आहे : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरीतीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याची पोट भरण्यापुरती अवजारे, गुरे व बियाणे. म्हणजे मंगळसूत्र राहते, फ्रिज जातो. शिंप्याचे शिलाईयंत्र राहते, मोटरसायकल जाते. ही यादी बेलिफ उंबऱ्यावर उभा राहून करतो, शेजारीपाजारी पाहत असतात आणि आतून कोणीतरी रडत किंवा शिव्या देत असते. माझ्या मते दिवाणी कायद्यातली माणुसकी एवढ्या ठोसपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही, आणि ती अंमलात आणणारा माणूस न्यायालयातल्या सर्वांत कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांपैकी असतो.

तीच गत दिवाणी तुरुंगाची. पैसे असूनही न देणाऱ्या ऋणकोला अटक करवायची, तर त्याच्या जेवणाखर्चाचा भत्ता धनकोनेच आगाऊ भरायचा. भरणे थांबवले की कैदी सुटला. कर्ज बुडवणाऱ्याला जेवू घालण्याचा हिशेब सावकाराच्याच नावावर लिहिताना जुन्या नाझरांना काय वाटत असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते.

बेलिफाच्या चहापाण्याच्या, परताव्याचा अर्ज ‘हलवण्याच्या’ गोष्टी प्रत्येक तालुक्यात ऐकू येतात. त्या सगळ्या खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. पण जो अभ्यास तिथून सुरू होतो आणि तिथेच संपतो, त्याच्या हाती फार काही लागत नाही. दुहेरी पावत्या, रोख वहीवर अधिकाऱ्याची सही, अचानक होणारी रोकड तपासणी, कोषागाराशी दरमहा ताळमेळ, महालेखापालांचे आक्षेप, ही सगळी व्यवस्था माणूस मोहात पडतो हे गृहीत धरूनच रचलेली आहे. ती कुठे सैल पडते, हे पाहण्यासाठी आधी ती कशी बांधली आहे ते समजायला हवे.

मोटार अपघाताच्या भरपाईचे दप्तर अलीकडच्या काळात सर्वांत जड झाले आहे. घरातला कर्ता माणूस गेला, न्यायाधिकरणाने रक्कम ठरवली, विमा कंपनीने ती व्याजासह जमा केली, की वाटप सुरू होते. विधवेला इतके, म्हाताऱ्या आईला इतके, दोन मुलांना इतके. अज्ञान मुलांच्या रकमा सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवाव्यात, अशी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस प्रकरणात घालून दिली. त्यामुळे चार वर्षांच्या मुलीच्या नावाची पावती चौदा वर्षे सांभाळायची, मुदत संपली की नूतनीकरण, मध्येच शाळेच्या फीसाठी अर्ज आला तर आदेशाप्रमाणे काही रक्कम मोकळी, आणि एक दिवस ती मुलगी स्वतः आधार कार्ड घेऊन येते. तोवर न्यायाधीश बदललेले असतात, वकील कदाचित हयात नसतात. घटनेचा सलग माग राहतो तो वहीत. आणि कोणी आलेच नाही तर? देशभर अशा भरपाईच्या रकमा न्यायाधिकरणांकडे पडून राहिल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नात स्वतःहून लक्ष घातले आणि 2025 मध्ये रक्कम थेट हक्कदाराच्या बँक खात्यात जाण्यावर भर दिला. हा विषय आता कुठे उजेडात येत आहे, आणि संशोधकाला यात पुष्कळ काम आहे.

मुद्देमालाचे दप्तर वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. इथे इतकेच नोंदवतो की मुद्देमाल वर्षानुवर्षे अडकवून ठेवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 साली सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर त्याचे वर्णनपत्रक चौदा दिवसांत करून, छायाचित्रे काढून, पुढच्या तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायला लावला आहे. पैशाच्या दप्तरात संगणक, ऑनलाइन भरणा आणि ‘ग्रास’ या सरकारी जमेच्या प्रणालीमुळे चलनाच्या रांगा कमी झाल्या. तरी भरलेली रक्कम कोणत्या दाव्याची आणि कोणाला द्यायची, हे अजून माणसालाच ठरवावे लागते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी आगाऊपणे का बोलावले, तेही सांगतो. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंगा अहमदनगर जिल्ह्यात पसरला. त्यामागे धान्याचे भाव, सारा आणि सावकारी होती, तशीच दिवाणी न्यायालयांतून सहज मिळणाऱ्या हुकूमनाम्यांची आणि जप्त्यांची धास्तीही होती. चौकशी आयोगानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याची अटक बंद झाली, हप्ते बांधून देण्याची सोय झाली. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. या सगळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक आयोगाचे अहवाल आणि कायद्याची कलमे समोर ठेवून. त्या काळी कुठल्या तालुक्यात किती लिलाव झाले, बैल कितीला गेला, जमीन कोणी घेतली, हे लिहिणारा माणूस न्यायालयाच्या नोकरीत होता. ग्रामीण कर्जाचा इतिहास त्याच्या वह्यांशिवाय अर्धाच राहील, असे माझे ठाम मत आहे.

दप्तर ठेवण्याच्या मुदती ठरलेल्या असतात आणि मुदत संपलेल्या वह्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या जातात. जागा अपुरी असते, वाळवी असते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करता येत नाही. म्हणून जे नाझर निवृत्त झाले आहेत त्यांना विनंती, की आपल्या नोकरीतल्या कामाच्या पद्धती, शब्द आणि अडचणी लिहून ठेवाव्यात. भाषेची चिंता करू नये. जे सेवेत आहेत त्यांनी वह्यांचा गठ्ठा नष्ट करण्याच्या यादीत घालण्याआधी आपल्या जिल्हा न्यायाधीशांना विचारावे, की यातली एखादी वही पुराभिलेखागाराकडे देता येईल का.