साष्टीची गावं, उपनगराचा जिल्हा

राजुरीतल्या आमच्या शेताचा सातबारा आणि माझ्या चुलत्यांनी भांडुपला ज्या चाळीत आयुष्य काढलं त्या जागेचं मालमत्ता पत्रक, हे दोन कागद मी गेल्या पावसाळ्यात शेजारीशेजारी ठेवले. सातबाऱ्याच्या माथ्यावर लिहिलंय : गाव राजुरी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. मालमत्ता पत्रकाच्या माथ्यावर : गाव/पेठ भांडुप, तालुका कुर्ला, जिल्हा मुंबई उपनगर. एकावर गट क्रमांक, दुसऱ्यावर नगर भूमापन क्रमांक. बाकी घडण एकाच हातची. गाव, तालुका, जिल्हा अशी तीन पायऱ्यांची शिडी दोन्हीकडे आहे.

पण राजुरीच्या शिडीवर प्रत्येक पायरीला निवडून दिलेलं माणूस बसलेलं आहे. गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. भांडुप कागदावर गाव असलं तरी तिथे सरपंच नाही. कुर्ला तालुक्याला तहसीलदार आहे, पंचायत समिती नाही. मुंबई उपनगराला वांद्र्यात बसणारा जिल्हाधिकारी आहे, जिल्हा परिषद नाही. महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि जिल्हा परिषदा ३४. ज्या दोन जिल्ह्यांना ती नाही, ते मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. असं का झालं, हे ऐकीव गोष्टींवर न सोडता कायदे, गॅझेटियर आणि जनगणनेचे तक्ते यांतून जुळवायचं मी ठरवलं.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. ही भूमी म्हणजे जुनी साष्टी. ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावं, त्यावरून साष्टी, ही व्युत्पत्ती सर्वमान्य आहे. म्हणजे प्रदेशाचं नाव हीच त्याची पहिली गणती. १७३७ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी ती पोर्तुगिजांकडून घेतली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून ती बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पुढे साष्टी हा ठाणे जिल्ह्याचा एक तालुका झाला. १९२० मध्ये त्याचे उत्तर साष्टी आणि दक्षिण साष्टी असे दोन भाग पडले आणि दक्षिणेकडची ८४ गावं ठाण्यातून काढून ‘मुंबई उपनगर जिल्हा’ उभा राहिला. आजच्या उपनगर जिल्ह्याच्या महसुली दप्तरात ८७ गावं आहेत.

६६, ८४, ८७ हे आकडे एका ओळीत मांडून गावं वाढत गेली असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सहासष्ट गावांची साष्टी ठाण्यापर्यंत पसरलेली होती, चौऱ्याऐंशी ही फक्त दक्षिण भागातली, आणि सत्त्याऐंशीपर्यंत येताना बोरिवली आणि ठाणे तालुक्यांतली गावं इकडची तिकडे बरीच झाली. या तीन आकड्यांची हद्द एक नाही. त्यांतून एवढंच सिद्ध होतं की सरकार या भूमीकडे आजतागायत ‘गावं’ म्हणूनच पाहत आलं आहे.

ही गावं मात्र आमच्या देशावरच्या गावांसारखी कधीच नव्हती. पुणे जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात रयतवारी मोजणी झाली आणि शेतकरी थेट सरकारचा खातेदार झाला. साष्टीत कंपनी सरकारने त्याच काळात कितीतरी गावं मुंबईच्या धनवंतांना तोडून दिली. पवईची इस्टेट फ्रामजी कावसजींकडे गेली, मालाडच्या बाजूची मोठी जमीन बैरामजी जीजीभाईंकडे. हा मधला मालक कायद्याने हटायला १९५१ चा साष्टी इस्टेट कायदा यावा लागला. ज्या गावाला वर्षानुवर्षं इस्टेटवाला मालक होता, तिथे गावकीचा कारभार रुजायला आधीच जागा कमी होती. आणि जी जागा होती, तिच्यावर शहर चालून आलं.

ते रेल्वेने आलं. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली ती कुर्ल्यावरून, भांडुपवरून. माहीमचा कॉजवे त्याआधीच, १८४५ मध्ये झाला होता. १८९६ ला मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा ज्यांना परवडलं त्यांनी साष्टीत घरं शोधली. वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ इथे स्वतंत्र नगरपालिका होत्या, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. म्हणजे उपनगर जिल्ह्याला एके काळी स्वतःची निवडून दिलेली माणसं होती. लहान होती, बहुधा घरमालक आणि करदात्यांच्या मतांवर आलेली होती, पण होती.

ती गेली कशी, हे तीन कायद्यांत स्वच्छ दिसतं. १९४५ च्या कायद्याने ‘बृहन्मुंबई’ हा शब्द आणला. १९५० च्या हद्दवाढ कायद्याने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत नेली आणि उपनगरी नगरपालिका महापालिकेत विलीन झाल्या. १९५६ च्या कायद्याने फेब्रुवारी १९५७ पासून दहिसर आणि मुलुंडही आत आले. १८८८ साली मुंबई बेटासाठी केलेला महापालिका कायदा आता गोराई-मनोरीच्या कोळ्यांनाही लागू झाला. १९६१ च्या जनगणनेत उपनगर हा वेगळा जिल्हा उरलेलाच नाही, सगळा मिळून एक बृहन्मुंबई.

माझ्या मते कळीचा कागद मात्र याच्या नंतरचा आहे. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ झाला आणि १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा आल्या. या कायद्याच्या पहिल्याच कलमात त्याचा विस्तार सांगितला आहे : बृहन्मुंबई सोडून उर्वरित राज्य. त्या वेळी हे वाजवीच होतं. बृहन्मुंबई हा एकच जिल्हा आणि एकच महापालिका, मग परिषद कशाला? पण शब्द नीट पाहावा. वगळलेला आहे तो एक भूभाग, अमुक जिल्हा असं कायदा म्हणत नाही. म्हणून १९९० मध्ये महसुली सोयीसाठी बृहन्मुंबईचे दोन जिल्हे केले आणि उपनगर पुन्हा वेगळा झाला, तेव्हा अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तालुके आले, तहसीलदार आले, जिल्हाधिकारी आला. त्या पहिल्या कलमाला कुणी हात लावला नाही. अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या कारणांनी घेतलेले हे दोन निर्णय. ठरवून कुणी हक्क काढून घेतला असं या कागदांवरून म्हणता येत नाही. पण दोन निर्णयांच्या मधल्या फटीत एक अख्खा जिल्हा राहून गेला.

तो केवढा, हे लोकसंख्येच्या तक्त्यांत पाहावं. आजची हद्द धरून १९५१ मध्ये मुंबई बेटावर सुमारे २३ लाख ३० हजार माणसं होती आणि उपनगरांत जेमतेम ६ लाख ६५ हजार. १९६१ मध्ये बेट २७ लाख ७२ हजार, उपनगर १३ लाख ८० हजार. १९७१ च्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो : बेट ३० लाख ७० हजार, उपनगर २९ लाख. तराजू जवळजवळ समतोल. पुढच्या दहा वर्षांत तो उलटला. १९८१ मध्ये उपनगर ४९ लाख ५८ हजारांवर गेलं आणि बेट ३३ लाखांच्या आत अडकलं. २०११ ला शहर जिल्हा ३०,८५,४११ आणि उपनगर जिल्हा ९३,५६,९६२. आधीच्या दशकात शहर साडेसात टक्क्यांनी घटलं होतं, उपनगर आठ टक्क्यांनी वाढलं होतं. १९९० ला जिल्हा वेगळा करताना तो मुंबईचा शेजार राहिलेला नव्हता, दोन तृतीयांश मुंबई तोच होता.

हे लोक आले कुठून, याचा एक पुरावा स्त्री-पुरुष प्रमाणात मिळतो. १९६१ ला बृहन्मुंबईत हजार पुरुषांमागे ६६३ स्त्रिया होत्या, आणि त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,२६४. हे दोन आकडे एकाच घराचे दोन अर्धे आहेत. मुंबईच्या खोलीत झोपणारे पुरुष आणि कोकणातल्या घरात राहिलेल्या बायका. २०११ पर्यंत उपनगरात हे प्रमाण ८६० झालं, म्हणजे हळूहळू कुटुंबं आली, संसार इथे मांडले गेले. माझ्या काकूही अशाच उशिरा भांडुपला गेल्या. पोरं पाचवी-सहावीत असताना, आळेफाट्याहून माळशेज घाट उतरणाऱ्या एसटीने, ट्रंक टपावर टाकून.

जुन्नरचं आणि किनाऱ्याचं नातं तसं फार जुनं. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावरच्या ब्राह्मी लेखात दान देणारा कल्याणच्या सोनारघरातला सुलसदत्त आहे. तेव्हा माणसं नाणेघाट चढून इकडे येत. विसाव्या शतकात प्रवासाची दिशा उलटली आणि जुन्नर-आंबेगावची माणसं घाट उतरून गिरण्यांत, भाजीबाजारांत, माथाडी कामावर जाऊ लागली. गेली ती निवडणुकीच्या हिशेबात काय घेऊन गेली आणि काय ठेवून गेली, हेही मांडून पाहण्यासारखं आहे. राजुरीत राहिलेला मतदार वॉर्डाचा सदस्य, सरपंच, पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट यांसाठी मत देतो. भांडुपला गेलेला त्याचा भाऊ स्थानिक कारभारासाठी एकच मत देतो, नगरसेवकाला. सव्वा कोटीच्या बृहन्मुंबईला नगरसेवक २२७, म्हणजे सुमारे ५५ हजार माणसांमागे एक. ग्रामपंचायतीचे सदस्य गावाच्या आकाराप्रमाणे ७ ते १७ असतात, आणि ग्रामसभेत तर उठून थेट विचारता येतं.

महापालिका दुबळी आहे असं मी म्हणत नाही. देशातली ती सर्वांत श्रीमंत महापालिका आहे. पण जमीन ही बाब तिची नाही, ती महसूल खात्याची. मालमत्ता पत्रकावरचं नाव, सरकारी जमिनीचा भाडेपट्टा, गावठाणाची हद्द, वेसाव्याच्या किंवा मढच्या कोळीवाड्याचं सीमांकन हे सगळं जिल्हाधिकाऱ्याकडे जातं. जिल्हा नियोजन समिती आहे, १९९८ च्या कायद्याने आलेली, आणि तिच्यात नगरसेवकही असतात. पण ती योजनांच्या पैशाची समिती आहे. कोळीवाड्यातल्या बाईला आपल्या अंगणाची रेघ कुठून ओढली हे विचारायला त्या पायरीवर निवडून दिलेलं कुणी भेटत नाही. साष्टीची मूळ माणसं, म्हणजे कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि आदिवासी पाड्यांतले लोक, यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. त्यांचं घर याच रेघेवर उभं आहे. ९३ लाखांच्या जिल्ह्याला त्याच्या जमिनीविषयी बोलणारं निवडून दिलेलं सभागृह हवं, मग त्याला परिषद म्हणा किंवा आणखी काही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जनगणनेच्या तक्त्यांत उपनगर जिल्ह्याच्या ‘ग्रामीण’ रकान्यात शून्य आहे आणि महसुलाच्या दप्तरात ८७ गावं आहेत. दोन्ही कागद सरकारचेच, दोन्ही आपापल्या जागी खरे.

शेवटी मी जन्मस्थानाचे तक्ते काढले. भांडुप, घाटकोपर, विक्रोळीत जुन्नरकर किती, हे त्यांत शोधायचं होतं. तक्त्यात रकाने असे आहेत : ज्या जिल्ह्यात मोजले तिथेच जन्मलेले, राज्यातल्या इतर जिल्ह्यांत जन्मलेले, इतर राज्यांत जन्मलेले, परदेशात जन्मलेले. राजुरीत जन्मलेला माणूस, रत्नागिरीतला आणि चंद्रपूरचा, तिघं ‘राज्यातल्या इतर जिल्ह्यांत’ या एकाच रकान्यात. पुढची मोजणी १ मार्च २०२७ ची स्थिती धरून व्हायची आहे. चुलते तेव्हाही भांडुपलाच मोजले जातील, त्याच दुसऱ्या रकान्यात. राजुरीच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव माझ्या वडिलांच्या नावाखाली अजून आहे, सामाईक क्षेत्रात.