क्लायमॅक्स लॉरेन्स

क्लायमॅक्स लॉरेन्स (जन्म : १६ जानेवारी १९७९, गोवा) हे भारताचे माजी आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू आहेत. बचावात्मक मध्यरक्षक म्हणून ते खेळत. गोव्यातील धेंपो स्पोर्ट्स क्लबच्या यशस्वी कालखंडातील ते प्रमुख खेळाडू होते. भारतीय संघाकडून त्यांनी नेहरू चषक, एएफसी चॅलेंज चषक व दक्षिण आशियाई अजिंक्यपद या स्पर्धा जिंकल्या. २०११ च्या आशियाई चषकासाठी निवडलेल्या संघातही त्यांचा समावेश होता. २००८ साली हैदराबाद येथे अफगाणिस्तानविरुद्ध त्यांनी भरपाई वेळेत केलेला गोल भारतीय फुटबॉलच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला.

खेळातील भूमिका

बचावात्मक मध्यरक्षकाचे स्थान बचावफळीच्या थोडे पुढे असते. प्रतिस्पर्ध्याची चढाई मैदानाच्या मध्यातच रोखणे, बाजूचा बचावपटू पुढे गेला असता त्याची मोकळी जागा भरून काढणे आणि हिसकावलेला चेंडू अचूक, साध्या पासने आपल्या आक्रमक खेळाडूकडे सोपविणे ही त्याची प्रमुख कामे होत. गोल करणाऱ्याचे नाव धावफलकावर झळकते, गोलरक्षकाने अडविलेले फटके मोजले जातात. परंतु निर्माण होण्यापूर्वीच मोडून काढलेल्या चढायांची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. त्यामुळे या स्थानावरील खेळाडूचे मोल आकडेवारीवरून पुरते कळत नाही. त्याच्या संघाने काय साधले, हेही पाहावे लागते. लॉरेन्स यांची कारकीर्द याचे उत्तम उदाहरण आहे.

धेंपो क्लबमधील कारकीर्द

लॉरेन्स यांच्या क्लब कारकिर्दीचा सर्वांत यशस्वी काळ धेंपो क्लबमध्ये, प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली गेला. धेंपोने २००४-०५ आणि २००६-०७ या हंगामांत राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. पुढे या स्पर्धेची जागा आय-लीगने घेतली व २००७-०८ च्या पहिल्याच हंगामाचे विजेतेपद धेंपोने मिळविले. त्यानंतर २००९-१० व २०११-१२ मध्येही हा क्लब विजेता ठरला. २००८ च्या एएफसी चषक स्पर्धेत धेंपोने उपान्त्य फेरी गाठली; तेथे लेबनॉनच्या सफा क्लबने त्यांना रोखले.

या संघात नायजेरियाचे रँटी मार्टिन्स व ब्राझीलचे बेटो आक्रमणाची धुरा वाहत. त्यांच्या जोडीला महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा यांसारखे गोमंतकीय खेळाडू होते. परदेशी आक्रमकांना निर्धास्तपणे पुढे राहता यावे यासाठी मागची बाजू सांभाळणारा मध्यरक्षक आवश्यक होता. ती जबाबदारी लॉरेन्स यांनी पार पाडली.

राष्ट्रीय संघ

बॉब हॉटन यांच्या प्रशिक्षकपदाच्या काळात भारताने २००७ साली नवी दिल्ली येथे सीरियाचा १-० असा पराभव करून नेहरू चषक प्रथमच जिंकला. २००९ मध्ये पुन्हा सीरियाविरुद्धच, या वेळी पेनल्टी फटक्यांवर, भारताने हे विजेतेपद राखले. दोन्ही स्पर्धांत लॉरेन्स भारतीय संघात होते.

२००८ ची एएफसी चॅलेंज चषक स्पर्धा भारतात झाली. तिच्या विजेत्यास २०११ च्या आशियाई चषकात थेट प्रवेश मिळणार होता. १९८४ नंतर भारताला या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात स्थान मिळाले नव्हते. ३० जुलै २००८ रोजी हैदराबाद येथील पहिल्या साखळी सामन्यात अफगाणिस्तानने भारताला निर्धारित वेळेत गोल करू दिला नाही. भरपाई वेळेत लॉरेन्स यांनी गोल केला आणि भारत १-० असा विजयी झाला.

पुढे भारताने ताजिकिस्तानशी १-१ अशी बरोबरी साधली व तुर्कमेनिस्तानला २-१ असे हरविले. सात गुणांसह भारत गटात पहिला आला. पहिला सामना बरोबरीत सुटला असता तर भारताचे पाचच गुण झाले असते आणि गोलफरकाच्या बळावर ताजिकिस्तान अग्रस्थानी गेला असता. गटविजेता म्हणून भारताची उपान्त्य फेरीत म्यानमारशी गाठ पडली. दुसऱ्या क्रमांकाच्या ताजिकिस्तानला उत्तर कोरियाशी खेळावे लागले. म्यानमारवर १-० असा विजय मिळवून भारताने १३ ऑगस्ट रोजी दिल्लीतील आंबेडकर स्टेडियमवर अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ असे नमविले. त्यात सुनील छेत्री यांनी तीन व भाईचुंग भुतिया यांनी एक गोल केला. स्पर्धेची आठवण या चार गोलांनी निघते. मात्र तेथवरची वाट लॉरेन्स यांच्या गोलाने सुकर केली होती.

अशा रीतीने २७ वर्षांनंतर, जानेवारी २०११ मध्ये दोहा येथे भारत आशियाई चषकात खेळला. ऑस्ट्रेलिया (०-४), बहरैन (२-५) व दक्षिण कोरिया (१-४) यांच्याकडून संघ पराभूत झाला. तथापि आशियातील अग्रगण्य संघांच्या तुलनेत आपण कोठे आहोत, याचे स्पष्ट भान भारतीय फुटबॉलला या स्पर्धेने दिले.

कर्णधारपद व निवृत्ती

भुतिया यांच्या अनुपस्थितीत लॉरेन्स यांनी राष्ट्रीय संघाचे कर्णधारपदही सांभाळले. डिसेंबर २०११ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात अफगाणिस्तानचा ४-० असा पराभव केला. त्यांपैकी एक गोल लॉरेन्स यांचा होता. २०१२ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती स्वीकारली.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात ते अ‍ॅटलेटिको दि कोलकाता संघात होते. पनवेलपासून जवळच असलेल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २० डिसेंबर २०१४ रोजी अंतिम सामना झाला. त्यात केरळ ब्लास्टर्सला १-० असे हरवून हा संघ पहिला विजेता ठरला. पुढे २०१६ मध्ये धेंपोसह गोव्यातील तीन क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली आणि ज्या क्लब-परंपरेत लॉरेन्स यांची पिढी नावारूपाला आली, तिचे राष्ट्रीय स्पर्धांमधील वर्चस्व संपुष्टात आले.