सकळ लिपी : एका किल्लीचे सहा शतकांचे राज्य

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील जयदेववाडी येथील जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे तीर्थस्थान आहे, आणि ज्या पंथाने चक्रधरस्वामींच्या निवासाच्या जागा स्थानपोथीत काटेकोरपणे नोंदवून ठेवल्या, त्याच पंथाने आपले ग्रंथ मात्र इतरांना वाचता येऊ नयेत अशा लिप्यांत बंद केले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अशा सकळ लिपीचे जनकत्व चौदाव्या शतकातील रवळोव्यासांकडे दिले जाते. सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य अशा इतर लिप्याही पंथात प्रचलित होत्या. मराठीत कूटलेखनाचा, म्हणजे मजकूर जाणत्याखेरीज कोणास उलगडू नये अशा रीतीने लिहिण्याच्या विद्येचा, इतका व्यापक प्रयोग दुसरा क्वचितच सापडेल.

सकळ लिपीचे मूळ तत्त्व प्रतिस्थापनाचे, म्हणजे एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह योजण्याचे आहे. मूळ शब्दांना साधा मजकूर, बदललेल्या रूपाला सांकेतिक मजकूर आणि अदलाबदलीच्या नियमाला किल्ली म्हणतात. वर्णमालेतील प्रत्येक व्यंजन एक घर पुढे सरकवले, तर ‘जालना’ या शब्दाचे ‘झावपा’ होते. परंतु ‘ळ’ धरून व्यंजने 34 असल्याने अशा सरकवण्याच्या किल्ल्या अवघ्या 33 भरतात व त्या एका बैठकीत तपासून होतात. याउलट व्यंजनांची हवी तशी अदलाबदल करण्याची मुभा असेल, तर शक्यतांची संख्या 39 अंकी होते. एवढ्याने लेखन अभेद्य झाले, असे मात्र नव्हे. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि काही विरळा, व ही वारंवारिता वेषांतरानंतरही टिकून राहते, हे नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने ओळखले होते; तेव्हा पोथीची पुरेशी पाने हाती असती, तर चिकाटीच्या वाचकाला किल्लीवाचूनही मार्ग काढता आला असता.

मग हे रहस्य इतका काळ कसे टिकले? त्याचे खरे संरक्षण गणितात नव्हे, तर गुरूकडून शिष्याकडे किल्ली सोपवण्याच्या शिस्तीत आणि पोथी परक्याच्या हाती न देण्याच्या दंडकात होते. किल्ली सुरक्षित पोहोचवायची कशी, हा कूटशास्त्राचा जुनाच पेच असून, पूर्वी भेट न झालेल्या दोघांना उघड्या मार्गावरून सामायिक किल्ली ठरवता येईल अशी रीत डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये मांडली. मठाला तिची गरज नव्हती, कारण तेथे शिष्य समोरच बसलेला असे.

दोष दुसरीकडे होता. पद्धत शत्रूला ठाऊक असली तरी केवळ किल्लीच्या गुप्ततेवर लेखन सुरक्षित राहावे, असा निकष केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये सांगितला, आणि त्यात गरजेप्रमाणे किल्ली बदलता यावी हेही गृहीत होते. सकळ लिपीत पद्धत व किल्ली एकच, आणि तीही पिढ्यान्‌पिढ्या न बदललेली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती उलगडली, तेव्हा एक पोथी नव्हे, तर त्या लिपीतील सगळेच वाङ्मय एकदम वाचनीय झाले.

या बंदिस्तपणाची किंमत मराठी वाचकांनी मोजली, कारण लीळाचरित्रासारखा गद्यग्रंथ शतकानुशतके त्यांच्यापासून दूर राहिला. लाभही झाला: बाहेरच्या लेखनिकांचा हात न लागल्याने, पंथांतर्गत पाठभेद असूनही, यादवकालीन मराठीची जुनी रूपे या पोथ्यांत बऱ्याच अंशी शिल्लक राहिली, तर सर्वांना खुल्या असलेल्या ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी एकनाथांना 1584 मध्ये पैठणला करावी लागली.