कोंबड्यांचा इन्फ्ल्यूएंझा व रानपक्षी : शहापूर–मुरबाड परिसर

कोंबड्यांचा इन्फ्ल्यूएंझा हा पक्ष्यांना होणारा अत्यंत सांसर्गिक व्हायरसजन्य रोग असून तो बर्ड फ्लू या नावाने सर्वपरिचित आहे. इन्फ्ल्यूएंझा-ए या प्रकारचे व्हायरस त्यास कारणीभूत होतात. रानातील पाणपक्षी हे या व्हायरसांचे मूळ आश्रयस्थान होय. तथापि त्यांचे प्राणघातक रूप बहुधा पाळीव कोंबड्यांच्या दाट वस्तीत निर्माण होते व तेथून ते पुन्हा रानपक्ष्यांत शिरते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्भवलेली साथ या दुहेरी प्रवासाच्या दीर्घ इतिहासातील एक अलीकडची घटना आहे.

कारण व प्रसार : बदके, हंस, कुरव, सुरय इ. पक्ष्यांच्या आतड्यात हे व्हायरस वाढतात व विष्ठेवाटे पाण्यात मिसळतात. थंड पाण्यात ते कित्येक दिवस टिकून राहतात. मात्र चांगल्या शिजवलेल्या मांसात वा अंड्यात ते जिवंत राहत नाहीत. रानपक्ष्यांना त्यांचा सहसा फारसा त्रास होत नाही. एच५ व एच७ या गटांतील सौम्य व्हायरस कोंबड्यांत शिरल्यावर मात्र त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनात बदल होऊ शकतो. सौम्य व्हायरसाची वाढ श्वसनमार्ग व आतडे यांपुरती मर्यादित असते. बदललेला व्हायरस शरीरातील बहुतेक सर्व अवयवांत वाढतो. त्यामुळे तुरा व गलोल निळसर पडणे, डोके सुजणे ही लक्षणे दिसतात व दोन-तीन दिवसांत कळपच्या कळप मरतो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी रोग नेण्याचे काम पक्ष्यांइतकेच माणसेही करतात. कोंबड्यांचे पिंजरे, अंड्यांचे ट्रे, वाहनांची चाके व पादत्राणे यांना लागलेली विष्ठा त्यास पुरेशी होते.

इतिहास : इटालियन पशुवैद्य एदोआर्दो पेरोनचितो यांनी १८७८ मध्ये उत्तर इटलीतील कोंबड्यांच्या अशा साथीचे वर्णन केले. १९०१ मध्ये रोगकारक हा सूक्ष्म गाळणीतून पार होणारा असल्याचे आढळले, तर तो इन्फ्ल्यूएंझाचाच व्हायरस असल्याचे १९५५ मध्ये स्पष्ट झाले. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी मोठ्या संख्येने मरण पावले. रानपक्ष्यांतील अशा मरतुकीची ही पहिली महत्त्वाची नोंद होय. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडुंग प्रांतात पाळीव हंसांमध्ये एच५एन१ या व्हायरसाचा एक नवा वंश आढळला. १९९७ मध्ये हाँगकाँग येथे त्याची १८ माणसांना बाधा झाली व त्यांपैकी ६ दगावली. २००५ मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत हिवाळ्यात भारतात येणाऱ्या पट्टकादंब हंसांचे प्रमाण मोठे होते. पाळीव पक्ष्यांत बळावलेला व्हायरस स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांत पोहोचल्याचे यावरून दिसून आले.

महाराष्ट्रातील साथी : भारतातील पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे उघडकीस आली. भोपाळ येथील उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने निदान निश्चित केल्यावर तेथील लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात परसातील कोंबड्यांतही रोग आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या, दापोली व बीड येथे कावळे आणि ठाणे शहरात बगळे मेल्यावर त्यांच्या नमुन्यांत हा रोग सिद्ध झाला. पाळीव व रानटी पक्षी एकाच काळात बाधित झाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

शहापूर–मुरबाड : सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या दोन लगतच्या तालुक्यांत रानपक्षी व पाळीव पक्षी यांच्या भेटीस अनुकूल परिस्थिती आहे. शहापुरातील तानसा व भातसा आणि मुरबाडकडील बारवी या जलाशयांवर पाणपक्षी येतात. भातखाचरांत बगळे व ढोकरी वावरतात. ठाकूर, कातकरी, वारली इ. आदिवासींच्या पाड्यांवर गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात व रात्री खुराड्यात वा डालग्याखाली ठेवल्या जातात. त्यांच्याच शेजारी मांसल कोंबड्यांच्या बंदिस्त शेड उभ्या राहिल्या आहेत. करारपद्धतीत पिले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते. शेड व श्रम शेतकऱ्याचे असतात. मुंबई–नाशिक व कल्याण–मुरबाड या मार्गांनी कोंबड्यांची सतत वाहतूक चालते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे कोंबड्या अचानक मरू लागल्या. तपासणीत एच५एन१ व्हायरस आढळल्यावर एक किमी. परिसरातील सुमारे २५,००० पक्षी नष्ट करण्याचा निर्णय जिल्हा प्रशासनाने घेतला. याच सुमारास शेजारच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार भागातही रोग आढळला.

नियंत्रण व परिणाम : भारतात या प्राणघातक व्हायरसाविरुद्ध लसीकरणाऐवजी बाधित क्षेत्रातील पक्षी मारून पुरणे, जागेचे निर्जंतुकीकरण करणे व दहा किमी.पर्यंत देखरेख ठेवणे ही पद्धत अवलंबिण्यात आली आहे. तीत निरोगी पक्षीही मारले जातात. नुकसानभरपाई केंद्र व राज्य शासने निम्मी-निम्मी देतात. २०२१ मधील दराने ती आठ आठवड्यांवरील अंडी देणाऱ्या कोंबडीस ९० रु. होती. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे. पाड्यावरील कुटुंबास कोंबडी ही अडचणीच्या वेळी विकता येणारी मिळकत असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो. शिवाय राणीखेत अथवा मानमोडी या जुन्या व्हायरसजन्य रोगातही कोंबड्या अशाच झपाट्याने मरतात. परिणामी नव्या साथीची वर्दी उशिरा पोहोचण्याचा संभव असतो.

हा रोग माणसांत क्वचित होतो, पण झाल्यास गंभीर ठरतो. जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा त्याने झालेला मृत्यू हा भारतातील अशा प्रकारचा पहिला होय. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळील गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या एच५एन१मुळे दगावले. रानपक्ष्यांना मारून वा हुसकावून रोग आटोक्यात येत नाही. बाधित पक्षी विखुरल्याने तो उलट पसरू शकतो. शेडला जाळी लावणे, जलाशयाचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय कोंबड्यांना न देणे, वाहने व पिंजरे धुणे, मेलेले पक्षी उघड्यावर न टाकता खोल पुरणे आणि अनेक पक्षी एकाएकी मेल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळविणे हे उपाय परिणामकारक ठरतात. यांपैकी शेवटचा उपाय लहान पालकाच्या सहकार्यावाचून शक्य नाही व ते सहकार्य भरपाई वेळेवर मिळण्याच्या खात्रीवर बऱ्याच अंशी अवलंबून असते.