बार्बडोस: सिंह आणि मणी

बार्बडोसचे किनारे सर्वश्रुत आहेत. बेटाचा इतिहास मात्र मोटार आंत, उंसाच्या मळ्यांकडे वळविल्यावांचून कळावयाचा नाहीं. १८१६ सालीं बुसा नामक गुलामाच्या पुढारीपणाखालीं बंड झालें. तें चिरडलें गेलें, तरी मळेवाल्यांची झोंप उडाली. १८१८ सालीं गन हिल टेकडीवर इशाऱ्यांचा मनोरा उभा राहिला तो याच धास्तीनें. मनोऱ्याखालीं १८६८ सालीं चुनखडकांतून कोरलेला सिंह आहे. प्रवासी छायाचित्रें घेतात तीं त्याचींच! दक्षिणेकडील न्यूटन मळ्यांत अंदाजें ५७० गुलाम पुरलेले आहेत. कोणाच्याहि नांवाची शिळा नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत तेथें उत्खनन झालें. एका वृद्धाच्या गळ्यांत कवड्या, कुत्र्याचे दांत आणि तांबड्या अकीकाचा एक मणी सांपडला. हा मणी बहुधा खंबायतचा.