नबाती लोकांची दडवलेली टाकी

१/ इ.स.पूर्व ३१२. अलेक्झांडरच्या मृत्यूला अकरा वर्षे उलटली आहेत आणि त्याचे सेनापती साम्राज्याच्या वाटणीसाठी आपसांत झुंजत आहेत. त्यांपैकी अँटिगोनसची दृष्टी मृत समुद्राच्या दक्षिणेकडील वाळवंटावर पडते. तेथील नबाती अरब लोबान आणि हिराबोळाच्या व्यापारावर संपन्न झाले होते. संख्या मात्र जेमतेम दहा हजार.

२/ एवढे थोडे लोक एका साम्राज्यापुढे टिकणार कसे? उत्तर जमिनीखाली होते.

३/ ग्रीक इतिहासकार डायोडोरसने ते सविस्तर नोंदवले आहे. चिकणमाती आणि मऊ दगडाच्या भूमीत नबाती लोक टाकी खोदत. तोंड अगदी लहान. खाली जावे तसतसा खड्डा रुंदावत जाई, इतका की तळाशी प्रत्येक बाजू एक प्लेथ्रॉन, म्हणजे सुमारे ३० मीटर भरे. आत चुन्याचा गिलावा. पावसाच्या पाण्याने टाके भरले की तोंड बुजवून ते आजूबाजूच्या जमिनीशी सपाट करत आणि केवळ आपल्यालाच ओळखता येतील अशा खुणा ठेवत.

४/ आपल्या गडांवरची खोदीव टाकी शत्रूलाही दिसतात. त्यांचे रक्षण तटबंदी करते. इथे तटबंदी नव्हती. न दिसणे हेच संरक्षण. अरुंद तोंडामुळे बाष्पीभवन रोखले जाई हा फायदा तर होताच, पण माझ्या मते लपवणूक त्याहून महत्त्वाची होती. पाठलाग करणारे सैन्य पाण्यावरून चालत जाई आणि तहानेने परत फिरे.

५/ जनावरांनाही ते एक दिवसाआड पाणी पाजत. पळण्याची वेळ आली तर रोज पाण्याची गरज भासू नये, म्हणून ही सवय. शेती, फळझाडे, मद्य आणि पक्की घरे यांना त्यांच्यात बंदी होती, शिक्षा मृत्युदंड. ज्याच्यापाशी हे सारे असते त्याला बलाढ्य लोक सहज वाकवतात, हा त्यामागचा विचार.

६/ अँटिगोनसचा सरदार अथेनायस ४,००० पायदळ आणि ६०० घोडेस्वार घेऊन निघाला. पुरुष एका मेळ्याला गेलेले असताना त्याने मध्यरात्री त्यांचा खडक गाठला आणि सुमारे ५०० टॅलेंट, म्हणजे बारा-तेरा टन चांदी लुटली. नबातींनी पाठलाग करून झोपलेल्या छावणीवर घाला घातला. पायदळ संपले, सुमारे ५० घोडेस्वार निसटले, तेही बहुतेक जखमी.

७/ मग अँटिगोनसने मुलगा डिमेट्रियसला पाठवले. या वेळी पहारेकऱ्यांनी आगीच्या खुणांनी आधीच इशारा दिला. कळप वाळवंटात पांगले, खडकावर थोडी शिबंदी राहिली. डिमेट्रियसचा हल्ला फसला. भेटी आणि ओलीस घेऊन तो परतला. निर्जल प्रदेशात राहणाऱ्यांशी लढून काय मिळणार, असा युक्तिवाद नबातींनी केल्याचे डायोडोरस सांगतो. (प्राचीन इतिहासकार भाषणे स्वतः रचत, हे ध्यानात ठेवावे.)

८/ डायोडोरस तर या घटनांनंतर जवळजवळ तीन शतकांनी लिहीत होता. मग विश्वास का ठेवावा? अभ्यासकांच्या मते त्याचा आधार कार्डियाचा हिएरोनिमस. हा अँटिगोनसच्याच सेवेत होता आणि मृत समुद्रातील डांबर गोळा करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले होते. तेथेही अरबांनी बाणांचा वर्षाव करून मोहीम उधळली. म्हणजे हे वर्णन हरलेल्या पक्षाकडून आलेले आहे. ३० मीटरचा आकडा कदाचित फुगवलेला असेल. कौतुकाला मात्र खोटेपणाचे कारण दिसत नाही.

९/ आज दिसणारी बहुतेक नबाती टाकी नंतरच्या काळातली, पेट्रा आणि परिसर भरभराटीला आल्यानंतरची. तोवर त्यांचे जुने निर्बंध गळून पडले होते. स्ट्रेबो त्यांच्या दगडी घरांचे आणि बागांचे वर्णन करतो. दक्षिण जॉर्डनमधील हुमैमा येथे कमानींवर दगडी फरश्या रचून छत केलेली टाकी सापडली आहेत. त्यांतील काहींचे पाणी स्थानिक बदू अगदी अलीकडेपर्यंत वापरत होते.