मोरीला बोळा

जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांबीची सिलिकोनची एकेक खुंटी गेल्या पावसाळ्यात माझ्या दोन्ही खालच्या पापण्यांत बसवली गेली. बधिरतेचा एक थेंब, बारीक चिमटा आणि दोन मिनिटे. एवढाच तो सोहळा. आयुष्यभर छापील मजकूर तपासण्यात गेलेल्या माझ्या डोळ्यांना काही वर्षांपासून कोरडेपणाने ग्रासले होते. गंमत अशी की तक्रार कोरडेपणाची आणि वाऱ्यावर गेले की पाण्याच्या धारा. डोळा कोरडा पडून चुरचुरला की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते गालावर ओघळून जाते आणि डोळा पुन्हा कोरडा. डॉक्टरीणबाईंनी समजावले, "काका, मोरीला बोळा बसवलाय असं समजा. येतं तेवढंच पाणी येणार, पण ते वाहून जाणार नाही."

त्यांनी सहज वापरलेल्या या घरगुती उपमेमुळेच मी या विषयाच्या मागे लागलो. डोळ्याची मोरी बुजवावी हे पहिल्यांदा कोणाला सुचले? शोधायला गेलो तेव्हा लक्षात आले की वैद्यकाने जवळजवळ दोन हजार वर्षे ही मोरी उघडी ठेवण्याची खटपट केली. ती मुद्दाम बंद करण्याचा इतिहास मात्र अवघ्या नव्वद वर्षांचा आहे.

वाट मोकळी करणारे

आरशासमोर उभे राहून खालची पापणी नाकाच्या बाजूला किंचित बाहेर ओढली, तर कडेवर टाचणीने टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो. हे अश्रुछिद्र. त्याचा व्यास साधारण 0.3 मिलिमीटर. वरच्या पापणीतही असेच एक असते. तिथून निघालेली नलिका सुमारे दोन मिलिमीटर सरळ आत उतरते, मग वळून सुमारे आठ मिलिमीटर नाकाकडे आडवी जाते, अश्रुकोशात मिळते आणि पुढे नाकात उघडते. रडताना नाक वाहते ते यामुळेच, आणि डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशात उतरते तीही यामुळेच. प्रत्येक वेळी पापणी लवते तेव्हा हा मार्ग पंपासारखा थोडे पाणी ओढून घेतो.

ही छिद्रे गेलनला ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यांचे रोग सांगताना 'अश्रुमार्ग' हा शब्दच येतो. पण प्राचीनांना या वाटेची चिंता होती ती ती तुंबते म्हणून. तुंबलेल्या अश्रुकोशात पू होतो, नाकाच्या कडेला गळू येते, ते फुटून नाडीव्रण होतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस यावर तापलेल्या लोखंडाने हाडापर्यंत डाग देण्याची कृती सांगतो. पुढे 1713च्या सुमारास दोमिनिक आनेल या फ्रेंच शल्यवैद्याने अश्रुछिद्रातूनच बारीक सळई घालून आणि अरुंद तोंडाच्या पिचकारीने पाणी सोडून मार्ग मोकळा करण्याची रीत मांडली. आजही नेत्रवैद्य करतात ती तपासणी याच रीतीची वंशज. 1904 साली फ्लॉरेन्सच्या अद्देओ तोती यांनी अश्रुकोशापासून नाकात थेट नवी वाट पाडणारी शस्त्रक्रिया सांगितली. सेल्सस ते तोती, सगळ्यांचा रोख एकच होता, पाणी वाहते करण्याचा.

पाणी येते कुठून?

जाण्याची वाट माहीत असली तरी येण्याच्या वाटेबद्दल शतकानुशतके गोंधळ होता. अश्रू मेंदूतून झिरपतात अशी ग्रीक काळापासूनची समजूत. सतराव्या शतकात देकार्तलासुद्धा ते डोळ्यांतून निघणाऱ्या वाफांचे थंड होऊन झालेले पाणी वाटत होते. हा गुंता सोडवला तो निल्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो या चोवीस वर्षांच्या डॅनिश विद्यार्थ्याने. 1662 साली लायडनला प्रसिद्ध केलेल्या शारीरनिरीक्षणांत त्याने अश्रुग्रंथी आणि तिच्या नलिका दाखवून दिल्या. डोळ्याभोवतीच्या ग्रंथी हे पाणी करतात आणि डोळा ओला ठेवण्यासाठी करतात, हे त्याचे सांगणे. म्हणजे रडणे हा अश्रूंचा जोडधंदा, त्यांचा मूळ धंदा राखणदारीचा. हाच स्टेनो पुढे खडकांच्या थरांचा अभ्यास करून भूशास्त्राच्या जनकांत गणला गेला आणि शेवटी कॅथलिक बिशप झाला.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1666 साली, हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने पापण्यांच्या कडांतल्या स्निग्ध पदार्थ स्रवणाऱ्या ग्रंथींचे वर्णन केले. त्या ग्रंथींना आजही त्याचेच नाव आहे. त्या तेलाचे काम मात्र उलगडायला पुढची जवळपास तीन शतके जावी लागली.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत कोरड्या डोळ्याचा पत्ता लागतो का? लागतो. सुश्रुताने संपूर्ण डोळ्याला व्यापणाऱ्या रोगांत 'शुष्काक्षिपाक' सांगितला आहे: पापण्या कठीण आणि रूक्ष होतात, डोळा उघडणे जड जाते, आग होते. त्याच्या उपचारांत तुपाला मोठे स्थान आहे. उत्तरतंत्रातच 'तर्पण' ही क्रिया आहे. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचे आळे करायचे आणि त्यात पातळ केलेले तूप काही काळ धरून ठेवायचे. आजच्या कोरड्या डोळ्याच्या विकाराशी शुष्काक्षिपाकाचे समीकरण मांडण्याचा मोह इथे होतो. तो आवरायला हवा. दोन काळांची रोगवर्णने एकमेकांवर तंतोतंत बसत नसतात. पण कोरडा डोळा हा स्वतंत्र आजार आहे आणि त्यावर नुसते पाणी पुरेसे नाही, स्निग्धता हवी, एवढे निरीक्षण तिथे निःसंशय आहे.

एकोणीस स्त्रिया

युरोपात हा आजार मोजमापाच्या कक्षेत आला तो विसाव्या शतकात. 1903 साली जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी टीपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ती किती भिजते ते मोजण्याची चाचणी मांडली. आजच्या प्रथेप्रमाणे पाच मिनिटांत पाच मिलिमीटरही ओल चढली नाही तर पाणी फारच कमी समजायचे. इतकी साधी, स्वस्त चाचणी एकशेवीस वर्षांनंतरही टिकून आहे.

खरा टप्पा आला 1933 साली. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने स्टॉकहोममध्ये जर्मन भाषेत लिहिलेला प्रबंध सादर केला. त्यात एकोणीस रुग्ण होते आणि एकोणीसही स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी तेरा जणींना सांधेदुखीचा विकार होता. श्योग्रेनने 'रोझ बेंगाल' नावाच्या गुलाबी रंगाने डोळ्यांचा इजा झालेला पृष्ठभाग रंगवून दाखवला आणि या आजाराला 'केराटोकंजंक्टिव्हायटिस सिका' हे नाव दिले. कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि सुजलेले सांधे ही तीन वेगळी दुखणी नसून एकाच रोगाची तीन रूपे आहेत, हे त्याचे प्रतिपादन. परीक्षकांना ते फारसे भावले नाही. विद्यापीठातल्या अध्यापनपदासाठी लागणारी श्रेणी प्रबंधाला मिळाली नाही आणि श्योग्रेनला पुढे विद्यापीठाबाहेरच्या रुग्णालयांतच काम करावे लागले. 1943 साली ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्याने त्या प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद केला आणि मग जगाला त्याची ओळख पटत गेली. शरीराची संरक्षणयंत्रणाच अश्रू आणि लाळ करणाऱ्या ग्रंथींवर उलटते, हे पुढे स्पष्ट झाले. या विकाराच्या दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात.

हे वाचताना मला माझी आत्या आठवली. तिच्या बोटांचे पेर सुजलेले असत. भाकरीच्या प्रत्येक घासामागे तिला पाण्याचा घोट लागे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते म्हणून ती सारखी पदर डोळ्याला लावी, पण टिपायला तिथे पाणी नसेच. तीन तक्रारींसाठी ती तीन ठिकाणी गेली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत काही दिसत नाही. घरात तर ठरूनच गेले होते की आत्याला कुरकुरायची सवय आहे. ही गोष्ट 1970 नंतरची, म्हणजे श्योग्रेनच्या प्रबंधाला चाळीस वर्षे होऊन गेली होती. तिला नेमके काय झाले होते हे आज सांगता येणार नाही. पण तिन्ही तक्रारी एकत्र ऐकून घेणारे कोणी तिला भेटले नाही, एवढे नक्की.

डाग, जिलेटीन, सिलिकोन

श्योग्रेनच्या प्रबंधानंतर दोनच वर्षांनी, 1935 साली, बॉस्टनचे विल्यम बीथम यांनी कोरड्या डोळ्याच्या एका छळवादी प्रकारावर निबंध वाचला. त्यात पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर, चिकट धाग्यांसारखे तंतू लोंबतात आणि पापणी लवली की ओढले जातात. बीथम यांनी विचार केला की येणारे पाणी वाढवता येत नसेल तर जाणारे अडवावे. त्यांनी विजेच्या तापत्या टोकाने अश्रुछिद्रे डागून कायमची बंद केली. सेल्ससने डाग दिला होता तो अश्रूंच्या तुंबलेल्या वाटेचा रोग जाळण्यासाठी. बीथम यांनी तो ती वाट बुजवण्यासाठी दिला.

उपायाने आराम पडत होता, पण तो मागे घेण्याची सोय नव्हती. छिद्र डागले आणि पाणी वाजवीपेक्षा जास्त साचू लागले तर रुग्ण जन्मभर गाल पुसत बसणार. या अडचणीवर 1961 साली ब्रिटनमध्ये वॉलेस फाउल्ड्स यांनी तोडगा सुचवला. जिलेटीनच्या बारीक काड्या अश्रुनलिकेत सारायच्या. त्या थोड्या काळात आपोआप विरघळतात. तेवढ्या मुदतीत आराम पडला, डोळा वाहू लागला नाही, तर मग कायमच्या उपायाचा विचार करायचा.

खुंटीला तिचे आजचे रूप दिले ते अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातले नेत्रवैद्य जेरी फ्रीमन यांनी. 1975 साली त्यांनी मांडलेली सिलिकोनची खुंटी डंबेलच्या आकाराची होती: वर बाहेर राहणारी चपटी टोपी, मध्ये बारीक मान, खाली आत रुतणारा फुगीर भाग. बसवायला सोपी आणि, सर्वांत महत्त्वाचे, नको वाटली तर काढायला सोपी. पुढे नलिकेच्या आत पूर्ण जाऊन बसणाऱ्या खुंट्या आल्या, काही दिवसांत विरघळणाऱ्या कोलॅजेनच्या आल्या, शरीराच्या उष्णतेने आकार बदलून नलिकेत घट्ट बसणाऱ्या आल्या. सगळ्याच सुखाच्या ठरल्या नाहीत. बाहेर टोपी असलेली खुंटी निसटून पडते किंवा टोचते. आत गेलेली दिसत नाही आणि तिच्यामुळे नलिकेत जंतुसंसर्ग झाला तर कधीकधी शस्त्रक्रिया करून काढावी लागते.

आणि दरवाजा मोकळा

डॉक्टरीणबाईंनी वापरलेली उपमा एका जुन्या म्हणीतली आहे, हे मला उशिरा आठवले: मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. या इतिहासाचे पुढचे प्रकरण या म्हणीतच सामावले आहे.

डोळ्यावरचा अश्रूंचा पडदा म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळाला चिकटलेला श्लेष्मल थर, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा थर, असे त्याचे चित्र यूजीन वुल्फ यांनी 1946 साली मांडले. 1961 साली, म्हणजे फाउल्ड्स यांनी जिलेटीनच्या काड्यांबद्दल लिहिले त्याच वर्षी, साइइची मिशिमा आणि डेव्हिड मॉरिस यांनी सशांच्या डोळ्यांवर प्रयोग करून दाखवले की तेलाचा तो थर गेला की डोळ्यावरचे पाणी झपाट्याने उडून जाते. माइबोमच्या ग्रंथींचे काम आता उलगडले. डोळ्यातले पाणी फक्त मोरीतून जात नाही, ते हवेतही जाते. ज्याच्या पापण्यांतले तेलच आटले आहे, त्याची मोरी बुजवून दरवाजा उघडा ठेवण्यात काय हशील?

1995 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या कार्यशाळेच्या अहवालाने कोरड्या डोळ्याचे दोन मोठे गट पाडले: एकात पाणीच कमी, दुसऱ्यात ते उडून जाते. 2007च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने व्याख्येत अश्रूंच्या वाढलेल्या क्षारतेला आणि दाहालाही जागा दिली. मग खुंटीबद्दल आणखी एक शंका पुढे आली. डोळ्यात दाह असेल तर अश्रूंत दाह वाढवणारी द्रव्ये असतात. मोरी बंद केली तर तीही डोळ्यातच साठून राहणार. म्हणून आधी दाह आटोक्यात आणावा आणि मग खुंटीचा विचार करावा, असे अनेक नेत्रवैद्य मानू लागले. 2002 साली अमेरिकेत सायक्लोस्पोरिनच्या थेंबांना मान्यता मिळाल्यावर या क्रमाला औषधाचीही जोड मिळाली. 2017 साली कॉक्रेन संस्थेने खुंटीवरच्या अठरा चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष निघाला की पुरावा निर्णायक नाही. याचा अर्थ खुंटी निरुपयोगी असा होत नाही. कोणाला, कधी आणि कोणती, हे अजून नीट ठरलेले नाही, असा होतो. दरम्यान खुंटीला नवा पेशाही मिळाला आहे. 2018 साली अमेरिकेत मान्यता मिळालेली एक खुंटी अश्रुनलिकेत बसून डोळ्यात हळूहळू औषध सोडते आणि काम संपले की विरून जाते. तिला तेव्हा नेमले होते ते शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी.

माझ्या डाव्या डोळ्यातली खुंटी गणपतीच्या दिवसांत केव्हातरी निसटली, मला कळलेही नाही. दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवी बसवण्याची घाई केली नाही. पापण्यांच्या कडा दाबून पाहिल्या, तेल दाट झाले आहे म्हणाल्या आणि रोज दहा मिनिटे गरम पाण्याच्या फडक्याने शेकायला सांगितले. निघताना त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले: तोंडाला कोरड पडते का, आणि सकाळी बोटांचे सांधे आखडतात का? मी नाही म्हणालो. हे दोन प्रश्न आत्याला कोणी विचारले असते तर तिने काय सांगितले असते, याचा विचार करत मी घरी आलो आणि फडके गरम करायला ठेवले.